चिमणीचा श्वास

सोमवार
बाळे, पान लिहून झालं की फोटो काढून तुला पाठवत जाईन. माझी रोजनिशीही होईल आणि तुला खुशालीही कळेल. तुझी पाठ काय म्हणते? जावईबापूंनी दात काढला, की अजून धीर गोळा करतायत? विहीणबाईंचा गुडघा? आणि आमच्या चिमणीचा दमा? सांग तिला, आजोबाला या वयात नोकरी लागली, तीही कलादालनात.
दालनाच्या मधोमध एक अजब यंत्र उभं आहे. तारांच्या फांद्या, पत्र्याची पानं, बुडाशी कातड्याचा मोठा भाता. माणूस जवळ गेला की पानं त्याच्याकडे वळतात आणि तो घेईल तसा श्वास भाता घेतो. भात्याला ठिगळं लावायची, सांध्यांना तेल घालायचं, हे माझं काम. जन्मभर वाद्यांचे भाते शिवले, हात बसलेला आहे. व्यवस्थापक म्हणाले, आजोबा, याच्याशी फार बोलू नका, लाडावेल. मी म्हटलं, आमच्या घरी सगळ्यांना लाडावून ठेवलेलं मीच.

बुधवार
आज पाहुणे नव्हते. तेल घालता घालता घरच्या गप्पा सांगितल्या. मग हौसेनं चिमणीचा श्वास काढून दाखवला: आत घेताना बारीक शिट्टी, मध्येच अडखळणं, मग खांदे वर. पानं सगळी माझ्या तोंडाशी आली. भात्यानं हुबेहूब तसाच श्वास घेतला. मला हसूच आलं.

गुरुवार
सकाळी दार उघडलं तर यंत्र तोच श्वास घेत होतं. टाळ्या वाजवल्या, पाहुणे आले-गेले, कुणाकडे वळेना. दुपारी शिट्टीच्या शेवटी खोकला यायला लागला. बाळे, तो मी शिकवला नव्हता. संध्याकाळी तुझा निरोप: चिमणीला दुपारपासून खोकला.

शुक्रवार
भाता उसवला होता. कळ बंद केली, घाईत दोन टाके घातले, कळ लावली. थोड्या वेळानं तू लिहिलंस, जेवता जेवता चिमणीचा श्वासच थांबला, ओठ निळे पडले, आणि तू दम्याचा फवारा शोधतेस तोवर आपोआप सुरू झाला. मी वेळ विचारली. तीच.
टाके वाकडे पडलेत. पुन्हा बंद करायची छाती नाही.

शनिवार
तासभर भात्याशी तोंड लावून बसलो. घे, म्हटलं, म्हाताऱ्याचा घे, तिचा सोड. एक पान हललं नाही.
व्यवस्थापकांना सांगितलं. म्हणाले, आजोबा, घरी जाऊन पडा. उद्या प्रदर्शन संपतंय. यंत्र सुटं करून खोक्यांत भरणार—

रविवार
आतून कडी घातलीय. बाहेर ठोकतायत. व्यवस्थापक गोड बोलून बघतायत—

वीज तोडली त्यांनी. भाता हातानं ओढतोय. शिट्टी, अडखळणं, वर— तसंच, बाळे, अगदी तसंच— लिहायला एक हात सोडावा लागतो—

घेतेय ना ती श्वास? लवकर लिही. नुसतं हो लिही. परवाचा टाका सुटतोय, हवा जातेय, बाळे, लवकर