एका दोराचे दोन पाळणे

चारठाणा, मंगळवार

श्री. मन्मथअप्पा व्याही यांस महारुद्राचा शरणार्थ. तुमच्या गुडघ्याची सूज आणि सेलूतली कापसाची आवक, दोन्ही आता उतरल्या असतील अशी आशा आहे. (पहिलं तुमच्यासाठी, दुसरं आमच्यासाठी, तिच्यापायीच तुम्ही नातवंडांच्या बारशाला येऊ शकला नाहीत.)

नीलम्मा विहीणबाई बारसं अर्धवट सोडून परत का आल्या, याची त्यांची हकीकत तुम्ही ऐकलीच असेल. ही माझी. आमच्या नव्या घराच्या स्लॅबमध्ये इंजिनिअरने एसीसाठी जागा ठेवली, पाळण्यासाठी कडी नाही. म्हणून मांडवात एक जाड दोर आडवा ताणून त्यालाच जुळ्यांचे दोन पाळणे टांगले. नातवाच्या पाळण्याची दोरी विहीणबाईंच्या हाती, नातीची आमच्या सौ.च्या. (लेकरं दोन्ही दोघींची, पण हातात दोरी आली की वाटणी होते.) पक्षपाताचा बोल नको म्हणून दोन्ही पाळणे मी अगदी एका उंचीवर आणले. तिथंच घात झाला.

मानाचा पहिला झोका विहीणबाईंनी दिला. पाळणा छान झुलला, मंदावला आणि चक्क उभा राहिला. तोवर नातीचा पाळणा, ज्याला कोणी शिवलंही नव्हतं, डौलात झुलू लागलेला.

"ईनबाई, आमचं लेकरू थांबवून तुमचं हलवायलाव व्हय?"

"म्या हात तरी लावला का?"

एवढ्यात आमचा थांबला आणि तुमचा पुन्हा निघाला. आता तोच प्रश्न सौ.ने विचारला, वरच्या पट्टीत. इतका वेळ एका ठेक्यात टाळ्या देत पाळणा म्हणणाऱ्या बायकाही दोन्हीकडे वाटल्या गेल्या आणि ठेके दोन झाले. तेव्हा मी पुढे होऊन न्यायशास्त्राच्या आधारे समजावलं की, आश्रय एकच असल्याने एकाचं आंदोलन दोरातून दुसऱ्यात संक्रमित होतं, आणि दोघे तंतोतंत सारखे असल्याने पुरतंच होतं. त्यावर दोघींचं त्या दिवसातलं पहिलं एकमत झालं. ते माझ्याविषयी होतं.

विहीणबाई उठल्या, पाठोपाठ तुमची राजेश्रीही. आत्याशिवाय कानात नाव कोण सांगणार? आमची रुद्राणी, आई असून, अजून लेकरांना 'हे' आणि 'ते दुसरं' म्हणते, आणि धड जेवत नाही.

आपला,
महारुद्र

ता. क. : राजेश्रीला सोमवारी पाठवाच. विहीणबाईही आल्या तर पोर जेवेल. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच.

आणखी एक : मी आता एक पाळणा चार बोटं वर घेतला आहे. थोडी विषमता येताच दोघे आपापले शहाण्यासारखे झुलतात. विहीणबाईंना सांगा, तुमचा पाळणा उंच ठेवलाय. इकडे सौ.ला मी सांगितलंय की आपल्या पाळण्याला दोर जास्त दिलाय. दोन्ही खरं आहे. एकीदेखत दुसरीचं काढू नका म्हणजे झालं.