चाळीस सेकंद उशिरा

प्रिय एमेट,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून वहीचं पान फाडून बसलोय. माझं अक्षर लावताना तुझी दमछाक होईल. पण मॉमला लिहायला बसवलं असतं तर तिने माझं निम्मं बोलणं गाळून बाकीचं गोड करून टाकलं असतं. तुमच्या कॉलेजच्या त्या शेवटच्या फुटबॉल मॅचला आज अकरा दिवस झाले. जोलीन सांगत होती की तू थँक्सगिव्हिंगला घरी येणार नाहीस, हॉस्टेलवरच राहणार, आणि पुढच्या वर्षी संघातही नसशील. ‘डॅडला कुठल्या तोंडाने भेटू?’ असं म्हणालास म्हणे. भावाचं गुपित फोडलं म्हणून बहिणीवर रागावू नकोस. ती कोठारावर डबा द्यायला आली होती, मीच तिला अर्धा तास सोडलं नाही.

इकडचं म्हणशील तर मका सगळा आत आला. कोठार तुडुंब आहे आणि माझ्या नाकातला भुसा अजून निघतोय. गेल्या शनिवारी मॉमने सवयीने घेवडा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल केले. टेबलावर वाढल्यावर तिच्या लक्षात आलं की आता मॅच नाही, हंगाम संपला. आम्ही दोघांनी खाल्लं आणि उरलेले रोल ड्वाइटकडे पाठवले.

शेजारचा ड्वाइट आहे तसाच आहे. टीव्हीवर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. शनिवारी गॅरेजचं दार वर करतो, जुन्या ट्रकच्या बॉनेटखाली डोकं घालतो आणि तुमची मॅच रेडिओवर ऐकतो. तू आमच्या टीव्हीच्या पाठीला ती इंटरनेटची काडी खोचून दिलीस ना, तिच्यातून मॅच येते ती रेडिओच्या चाळीस सेकंद मागून. मी घड्याळ लावून मोजलंय. त्यामुळे तिकडे जे घडतं ते आधी ड्वाइटला कळतं. चांगलं घडलं की तो पान्याने मडगार्ड बडवतो, वाईट घडलं की रेडिओ बंद करतो. त्याने गप्प बसावं म्हणून मॉमने रोलची लाच देऊन पाहिली. रोल खाऊन म्हणतो कसा, “मार्लिस, मी गप्पच असतो गं, हा पानाच माझं ऐकत नाही!” तीन वर्षं तुझ्या प्रत्येक किकचा निकाल आम्हाला आधी त्या पान्याने सांगितला. मॉम चिडायची. मी मात्र खिडकी बोटभर उघडी ठेवायचो. तिला सांगायचो, चिलीची वाफ जाऊ दे. खरं म्हणजे आधी कळलेलं मला बरं वाटायचं, नाहीतर माझ्याने बघवलं नसतं.

त्या दिवशीही खिडकी उघडी होती. चार सेकंद उरलेले, आपण दोन गुणांनी मागे, आणि अडतीस यार्डांवरून तुझी किक. खांबांमधून गेली तर तीन गुण आणि आपण जिंकलो. टीव्हीवर तू अजून मैदानाच्या कडेला जाळीत बॉल मारून पाय मोकळा करत होतास, तेवढ्यात पलीकडचा रेडिओ बंद झाला. मॉमने माझा गुडघा घट्ट धरला. आम्हाला दोघांना कळलं होतं. तू मात्र हेल्मेट चढवून मैदानात चालत निघाला होतास.

एमेट, तेव्हा माझ्याजवळ आशा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मी नुसता तुला बघत बसलो. तू डाव्या हाताची बाही ओढून अंगठ्यावर घेतलीस. तू सात वर्षांचा असताना, घरामागे मी पाण्याचे जुने पाइप पुरून तुला खांब करून दिले, तेव्हाही तू तसंच करायचास. तीन पावलं मागे गेलास, दोन बाजूला. तुझे ओठ हलत होते. तू काय पुटपुटतोस, हे मी तुला कधी विचारलेलं नाही. ओठ हलतात हेच मला माहीत नव्हतं, कारण आजवर मी खांबांकडे बघत आलो. बॉल उजव्या खांबाला लागला. सगळे मान खाली घालून उभे होते, आणि तू एकटा वर बघत होतास, प्रेक्षकांत जिथे आईबाप बसतात तिकडे. बराच वेळ बघत होतास. मी तिथे नव्हतो.

का नव्हतो, याचा विचार मी गेले अकरा दिवस करतोय. तू सतरा वर्षांचा होतास, जिल्ह्याच्या मॅचमध्ये तुझी किक हुकली. परत येताना पिकअपमध्ये मॉम आपल्या दोघांच्या मध्ये बसली होती. नव्वद मैल मी मूग गिळून बसलो. मध्येच एकदा तू म्हणालास, “डॅड, वारा होता.” मी हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला. माझ्या बापाने मला असंच वागवलं होतं आणि त्यानेच मी खंबीर झालो, अशी माझी समजूत होती. पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजला निघताना तू ती काडी आणलीस. “तीनशे मैल कशाला हाकायचे, डॅड? घरूनच नीट दिसतं,” म्हणालास. मी कोठारावर सगळ्यांना सांगत सुटलो की पोराला बापाच्या कमरेची केवढी काळजी! मॉम तेव्हा भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही. तुला मी तिथे नको होतो, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. मला कळायला तीन वर्षं लागली.

म्हणून हे पत्र. वारा होता, एमेट. तू खरं बोलत होतास आणि मला ते ठाऊक होतं. माझं चुकलं, मला माफ कर. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी मी पिकअप घेऊन तुझ्या हॉस्टेलच्या दाराशी येतोय. हीटर दुरुस्त केलाय. नाही यायचं म्हणालास तर रोलचा डबा देईन आणि परत फिरेन. आलास तर वाटेत तू गप्प बस, मी बोलेन. मला दुसरं काही सुचत नाही हे तुला माहीतच आहे, तेव्हा मक्याच्या ओलाव्याबद्दल ऐकावं लागेल. संघ सोडायचा की नाही ते तू ठरव, त्यात मी पडणार नाही. ती काडी मी टीव्हीमागून काढली आहे आणि सोबत आणतोय. ‘परत लाव’ म्हणालास तर निमूटपणे लावीन. पण पुढच्या वर्षी खेळलास आणि तुला चालणार असेल, तर आईबापांच्या रांगेत माझ्यासाठी एक जागा सांगून ठेव. खांबांकडे बघणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझाच, पोचायला उशीर झालेला,
डॅड