आईचं जाण्याचं तिकीट

बाबा, परवा सकाळी मी आईला विमानात बसवून दिलं. बसवून दिलं म्हणजे काचेच्या दारापर्यंत सोडलं. त्याच्या आत ज्याचं तिकीट त्यानेच जायचं असतं. दादा तिला न्यायला आला होता. आता ती त्याच्याकडे बंगळूरला राहील. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही कळवावं असं मला कधी फारसं वाटलं नाही. पण हे कुणाला तरी सांगायला हवं. ती महिनाभर राहून परत येणार आहे असं तिला वाटतंय, आणि दादाने आणि मी ते तसंच वाटू दिलंय.

आधी कारण सांगते. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस मी ह्यांना वरशाच्या आमच्या घरून पेणला घेऊन जाते, चार तास मशीनवर ठेवतात, मग परत आणते. आई दोन वर्षांपूर्वी गडबच्या आपल्या घरात पडली तेव्हा तिला माझ्याकडे आणलं होतं. सोबतीला बायका ठेवून पाहिल्या, एक महिनाभर टिकली, दुसरी तेवढीही नाही. श्रावणात आम्ही पेणला असताना आई न्हाणीघरात पडली आणि तीन तास ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली. मी दार उघडलं तर तिने मान वर केली आणि म्हणाली, "भात लावायचा रायला गो." एवढंच. दुखतंय म्हणाली नाही, कुठे होतीस विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू एकटी किती करशील? मी नेतो." मी विचारलं, "आणि परत?" तो म्हणाला, "परत कशाला आणायचं, सांग ना." त्याचं चुकत नव्हतं, बाबा. कुणाचंच चुकत नव्हतं, तेच तर अवघड होतं.

जायच्या आठ दिवस आधी तिने हट्ट धरला, दिवाळीचा बाजार पेणला जाऊन करायचा. ह्यांचा मशीनचा वार नव्हता, म्हणून मी गाडी काढली. मी गाडी चालवताना ती शेजारी बसते आणि दोन्ही पाय खाली दाबून ठेवते, जसा काही ब्रेक तिच्याकडेच आहे. नागोठण्याच्या पुढे लागलो तशी सुरू झाली, "येवढी कशाला पलवतेस? तुजे बाबा शिफ्टची भरलेली बस न्यायचे, पन झोपलेल्या मानसाची मान हालायची नाय."

"आई, मी चाळीसने चालवतेय."

"मंग तीसने चालव. पेन कुटं पलून जातंय?"

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला डावीकडून घुसून पुढे गेला. ती खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "ह्याची घरी कोन वाट बगत नसंल काय गो?" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी अशा नुसत्याच बोलत होतो.

तिने तुमचं नाव काढलं आणि मला मिठागराच्या बांधावरचा तो रविवार आठवला. मी बावीस वर्षांची आहे. तुम्ही ओळखीच्या माणसाची जीप मागून आणली आहे, आणि गावातली माणसं 'पोरीला कशाला शिकवतोय' म्हणतात तरी मला शिकवताय. समोर एक म्हातारी गवताचा भारा घेऊन चालली आहे, बांध अरुंद. मी भोंगा वाजवते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलते तर तुम्ही किल्ली फिरवून गाडीच बंद करता. "ती म्हातारी हाय, भैरी नाय," तुम्ही म्हणता. "तिला बाजूला व्हायला जागा कुटं हाय? चालू दे तिला." ती बांधाच्या टोकाला पोचेपर्यंत आपण उन्हात तसेच बसून राहतो. तुम्ही रागावतही नाही. मला मात्र तुमचा इतका राग आला होता की घरी येऊन मी जेवले नाही. तुम्ही तीस वर्षं कंपनीची बस चालवलीत, मला काय येतं आणि काय येत नाही हे एका भोंग्यावरून कळलं असेल तुम्हाला.

पेणच्या बाजारात तिने पोह्याचे पापड घेतले, मिरगुंडं घेतली, उटणं घेतलं, दादाकडच्या पणतवंडासाठी फुलबाज्यांची पाकिटं उचलली. ती विमानात नेऊ देत नाहीत म्हटल्यावर तोंड एवढंसं करून परत ठेवली. मग मी तिला गरम कपड्यांच्या दुकानात नेलं. तिकडे थंडी असते म्हणून दोन स्वेटर काढायला सांगितले. ती म्हणाली, "येकच घे. म्हैन्याला दोन कशाला लागतायत?" मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, "उगाच. येतंय तवर हितं थंडी पडंल, मंग वापरीन ना घरातला जुनाच." दुकानदाराने दोन्ही स्वेटर गल्ल्यावर तसेच उघडे ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याने विचारलं, "आजी, कुठं निघालात?" तिने पदर सारखा केला. "इमानानं. पोराकडं. म्हैन्यानं येतंय." मी तिची पाठ वळल्यावर दुसराही पिशवीत टाकायला सांगितला. चपला घेताना तेच, औषधं घेताना तेच. मी जास्त मागायची, ती कमी करायची. दर वेळी मला वाटायचं, आता विचारेल. आणि दर वेळी ती फक्त म्हणायची, "तुला मेलीला हिशोबच नाय."

परतताना विमानाची चौकशी चालली. खिडकी उघडते काय? नाही म्हटल्यावर, "मंग पान खाल्लं तर थुकायचं कुटं?" कानाला दडे बसतात ते खरं काय? वर गेल्यावर आपली खाडी दिसंल काय? मी म्हटलं, दिसेल कदाचित, खिडकीशी बस. मग ती सहज म्हणाली, "परतीचं तिकीट कदीचं काढलंय?"

"ते मागाहून काढतात आई. तारीख ठरली की."

"तुलशीच्या लग्नाला हितं पायजे मी. वृंदावन कोन रंगवंल?"

"बघू ना."

"बगू काय? आलंच पायजे."

जाताना ती म्हणाली होती की येताना गडबला थांबू, घर उघडून झाडून घेऊ. मी हो म्हटलं होतं. पण गडब येईपर्यंत तिला झोप लागली. पापडांची पिशवी मांडीवर, मान एका बाजूला. बाबा, मी गाडी कडेला घेतली. तिथून आपल्या घराची कौलं दिसतात, तुम्ही लावलेला शेवगा दिसतो. तिला हलवून उठवायचं, एवढंच काम होतं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. आत गेली असती तर तिने चूल सारवली असती, देवाला दिवा लावला असता, डब्यात तांदूळ किती आहेत ते बघून म्हणाली असती, आल्यावर दळून आणू. ते ऐकण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी गाडी हळूच पुढे काढली. तिला जाग आली ती वरशाला. "गडब गेलं काय?" "हो गो, तू झोपली होतीस." ती म्हणाली, "उटवायचं ना," आणि मग स्वतःच, "जाऊ दे, आल्यावर जाऊ."

परवा विमानतळावर ती चाकाच्या खुर्चीत बसायला तयार नव्हती. शेवटी दादाने बसवलं. तिने माझा हात धरून सांगितलं, "गाडी सावकास ने. आनि जावयांना मीठ देव नुको." खुर्ची ढकलणारा माणूस घाईत होता. तिला वळून बघायचं होतं, तिने मान वळवलीही, पण तोवर खुर्ची कोपऱ्यावरून वळली होती.

काल फोनवर म्हणाली, इमान बरं होतं, खाडी काय दिसली नाय, ढगच होते. मग दादाच्या घरी कालनिर्णय नाय म्हणून कुरकुर केली आणि मला विचारलं, तुळशीचं लग्न कितवं आलंय. मी तारीख सांगितली. ती म्हणाली, मंग त्याच्या दोन दीस आदीचं काढ.

आज सकाळी मला सात वाजता जाग आली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या काठीच्या आवाजाला कान लावून पडले नव्हते. घर शांत होतं आणि मला बरं वाटलं. चहा घेताना खरंच बरं वाटलं. हे मी ह्यांना सांगितलं नाही, दादाला सांगितलं नाही. तुम्हाला लिहितेय, कारण हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुम्ही असतात आणि दाराशी बसून 'ती कवा येते गो' असं विचारलं असतंत, तर मी तुम्हालाही सांगितलं असतं, येतेय महिन्याने.