उंबऱ्यातला चाकू

२९ नोव्हेंबर १९५३, बदलापूर

घर मिळालं! दादरच्या खाणावळीतली खाट, तिच्यातले ढेकूण आणि शेजारच्या खाटेवरचं घोरणं या तिघांना सकाळी साष्टांग नमस्कार घातला आणि दुपारच्या आत या ब्राह्मणाचा पुन्हा गृहस्थाश्रम सुरू झाला. गावातलं कौलारू घर. पुढे ओटी, मग माजघर, आणि माजघराला लागून एक लहान, काळोखी, उबदार खोली. परसात केळी आणि विहीर.

मालक बुधाजी शेजारीच राहतात. त्यांनी माझ्या सामानाची सरकारी थाटात तपासणी केली. पुस्तकांची ट्रंक पाहून मान डोलावली. दुसरी पेटी उघडली तेव्हा मात्र विचारलं, की पंत, तुमी मास्तर का न्हावी? पेटीत माझे चाकू आहेत. खिशात मावणारे, मिटणारे, जुने, गंजलेले चाकू शोधायचे आणि त्यांना पुन्हा माणसांत आणायचं, हे माझं एकमेव व्यसन. तंबाखूपेक्षा स्वच्छ आणि राजकारणापेक्षा निरुपद्रवी.

बाकी दिनक्रम ठरलेला. सकाळी अंबरनाथला कारखान्यातल्या साहेबलोकांच्या मुलांना संस्कृत शिकवायचं, दुपारी परत यायचं आणि ठाण्याच्या साप्ताहिकाला इकडची वार्ता कळवायची. आजची वार्ता: वार्ताहर स्वतःच्या घरात झोपणार.

हा खटाटोप नीलिमासाठी. तिचे दिवस भरत आले आहेत. जावई गुरुदत्त अंबरनाथच्या कारखान्यात आहे, त्याला आई नाही. आमच्या नीलीलाही नाही. तिच्या जन्माच्या वेळीच माझी बायको कुमुद गेली. मुलगा झाला की मुलगी, एवढं विचारायचीही तिला सवड मिळाली नाही. वाईला माझ्या बहिणीनं, मालिनीनं, पोरीला वाढवलं. गेल्या वर्षी तीही गेली. आता पहिल्या बाळंतपणाला पोरीनं जायचं कुठे? बापाच्या खाटेवर? माहेर म्हणजे निदान एक उंबरा तरी हवा. तो आज मिळाला.

६ डिसेंबर

रविवार. उल्हासनगरला खेमचंदकडे. लढाईच्या दिवसांत तिथे सैनिकांची छावणी होती. त्याच बराकींत आता सिंधी मंडळी संसार मांडून बसली आहेत, आणि काय विकत नाहीत ते विचारावं. खेमचंद भंगार विकतो. त्याच्या ढिगातून मला आज शिंगाच्या मुठीचा एक इवलासा चाकू सापडला. तो मला नेहमी विचारतो, की साईं, इतके चाकू घेऊन कापता काय? मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, मग तुमच्यापेक्षा चाकूच हुशार, ते तरी गप्प पडून गंजतात.

संस्कृतात चाकूला असिपुत्री म्हणतात, तलवारीची लेक. आई रणात जाते, लेक घरात कांदा चिरते.

९ डिसेंबर

आतल्या खोलीच्या उंबऱ्याला अंगठा ठेचला आणि त्यातून लाभ झाला! लाकडावरचं शेणाचं लिंपण उडालं आणि खालून काहीतरी काळं चमकलं. खरवडून पाहतो तो चाकू! तोही लष्करी. असे छावणीतून बाहेर आलेले खेमचंदकडे पाहिले होते. एक जाड पातं, डबे फोडायची चोच, आणि पाठीला दोराच्या गाठी उकलायचं दाभण. दाभण मुळापर्यंत लाकडात ठोकलेलं आणि मिटलेला चाकू नीट कोरलेल्या खाचेत निजवलेला.

इतका देखणा चाकू उंबऱ्यात कोण गाडतं? ज्याला चाकूतलं काही कळत नाही तो. अख्खी दुपार मोडली, पण लाकडाला न दुखवता काढला. निघताना त्यानं कुरकुर केली, अक्कलदाढेसारखी.

१३ डिसेंबर

नीली आली. बुधाजींची बायको वेणूबाई हिनं ओटीवर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला आत घेतलं. नीली घरभर फिरून म्हणाली, बाबा, तुम्ही चुलीशी चाकूंची शाळा भरवलीत, पण मीठ कुठे ठेवलंत? मीठ आणायचं राहिलं होतं. तिला आतली खोली दिली.

लष्करी चाकू तयार झाला. रॉकेलमध्ये भिजवला, विटेच्या पुडीनं घासला, कुरुंदाच्या दगडावर धार लावली. दाभण मुठीला जोडणारं रिबिट गंजून भुगा झालं होतं, ते नवं घातलं, पितळेचं. खेमचंद म्हणाला होता लोखंडाचंच घाल, पितळ फक्त मिरवायला. पण काळ्या मुठीत तो पिवळा ठिपका असा काही खुलला, की बस.

तेल दिल्यावर चाकू काही वेळ उघडे ठेवायचे असतात, नाहीतर सांध्यात तेल साचतं. सगळे चाकू माजघरातल्या चौरंगावर उघडे मांडून ठेवले.

१५ डिसेंबर

दुपारी अंबरनाथहून आलो तर चौरंगावरचे सगळे चाकू मिटलेले. नुसते मिटलेले नाहीत, एका ओळीत, पाठी भिंतीकडे करून लावलेले. नीलीला म्हणालो, माझ्या मालमत्तेला हात लावायचा नाही. ती म्हणाली, मी कशाला लावतेय, मी तर आत्ता उठले. झोप छान लागली म्हणाली. वेणूमावशी येऊन केस विंचरून गेल्या, डोळे उघडवेनात इतकं बरं वाटत होतं.

वेणी नीट घातली होती. शेवटी दोन गाठी मारलेल्या.

१६ डिसेंबर

वेणूबाई पाळणा द्यायला आल्या. मी केस विंचरल्याबद्दल आभार मानले तर म्हणाल्या, मी तर काल कल्याणला होते, माझ्या बहिनीकडं. आणि मग त्यांची नजर उंबऱ्यातल्या रिकाम्या खाचेवर गेली. पाळणा हातातून सुटला.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचा मुलगा जनू लढाईत छावणीवर कामाला होता, चाकू त्याचा. त्याची बायको विठा याच खोलीत बाळंत होताना गेली, मूलही गेलं. अशी बाई परत येऊ नये म्हणून तिला बाहेर काढल्याबरोबर उंबऱ्यात लोखंड ठोकायचं असतं. खिळा शोधायला वेळ नव्हता. जनूनं खिशातला चाकू काढला आणि रडत रडत ठोकला. मग तो गाव सोडूनच गेला.

मी विनोद करायचा प्रयत्न केला. म्हणालो, विठाबाईंना मी भाड्यात वाटेकरी धरीन. वेणूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पंत, विठाच येल असा नाय. उंबरा मोकला असला का जी वाटेत हाय ती येते. बालंतिनीला बालंतिनीचा माग लागतो. आजच ठोका. पन आधी घर बघा, आत कोन नाय ना, आनि मंगच ठोका.

ठोकतो म्हणालो.

१७ डिसेंबर

ठोकला नाही. का, ते इथे लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

उघडा चाकू घरात भांडण आणतो, असं कुमुदचं म्हणणं होतं. मी बोरूचं टोक कापून चाकू तसाच टाकला की ती येऊन मिटायची आणि पाठ भिंतीकडे करून ठेवायची. मी चिडवायचो, की भांडायला मी एकटा समर्थ आहे, चाकूची काय गरज? ती म्हणायची, म्हणूनच. आणि वेणीच्या शेवटी दोन गाठी. एक सुटली तर एक राहावी म्हणून.

वाईच्या घरातून तिला शेवटचं नेलं तेव्हा बायका खिळा घेऊन आल्या होत्या. न्यायशास्त्र शिकलेला पुरुष मी, मी कोणाला उंबऱ्याशी येऊ दिलं नाही.

आज सगळे चाकू मुद्दाम उघडे ठेवून बाहेर पडलो.

१८ डिसेंबर

मिटले होते. पाठी भिंतीकडे.

या वयात बायकोशी पत्रव्यवहार! तोही पाच-सहा चाकूंच्या लिपीत. अंबरनाथला मुलं म्हणाली, गुरुजी आज रागावत का नाहीत? परतताना शिवालयात शिरलो. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसताच बसून आलो.

नीलीला काही सांगितलं नाही. तिनंच सांगितलं. डोळे मिटून पडलेली असते तेव्हा कोणीतरी कपाळावरून हात फिरवतं. हात गार आहे, पण बरा वाटतो. मी आईला कधी पाहिलं नाही ना बाबा, म्हणाली.

मी काय करू? जिनं लेकीला एकदाही कुशीत घेतलं नाही, तिच्या तोंडावर दार लावू?

२२ डिसेंबर

पहाटे मुलगी झाली. गोदूबाई सुईण म्हणाली, आजोबा, आता चाकू सोडा आणि झबली शिवा. दोघी सुखरूप. गुरुदत्त पेढे घेऊन आला आणि कामाला गेला. गोदूबाईनं उशाखाली विळा ठेवला, लोखंड हवंच म्हणाली.

चौरंगाकडे पाहून हळूच म्हणालो, कुमुद, नात झाली हो.

२४ डिसेंबर

विळा उशाखाली नव्हता. भिंतीशी होता. पाठ भिंतीकडे.

नीली बाळाला घेत नाही. ते रडतं, ती ऐकतच नाही. अंगाचं मुटकुळं करून, दाराकडे तोंड करून पडून असते. मी म्हणालो, नीले, तुझी लेक रडतेय. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की लेक म्हणजे काय ते तिला आठवत नसावं.

२६ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा म्हणाले. ताप नाही, काही नाही.

नीलीचे शब्द कमी होत चालले आहेत. काल पाणी म्हणायची, आज नुसती ओठ हलवते. अंगठा तोंडात असतो. काढला की कळवळून रडते. ते रडणं वीस वर्षांच्या बाईचं नव्हे — वाईला त्या दिवशी ऐकलं होतं ते —

बाळाला वेणूबाई घेऊन गेल्या. तिकडे त्यांची पुतणी अंजनी बाळंतीण आहे, ती पाजते. नीलीनं मान वळवूनही पाहिलं नाही.

आता कळलं. कुमुद नातीसाठी आलीच नाही. नात तिला ठाऊकच नाही. ती आपलं बाळ घ्यायला आली आहे. तान्हं होतं तसं. तेवढंच तिला माहीत आहे.

२७ डिसेंबर

दुपार. चाकू मिटून चौरंगावर होते, त्यांच्याकडे पाहून कुमुदला सांगितलं. मोठ्यानं, वेड्यासारखं. म्हणालो, ही मोठी झाली ग. लग्न झालं. मीठ कुठे आहे म्हणून माझ्यावर ओरडते. हिला तू सोड. उत्तर कशात येणार? चाकू मिटलेलेच होते, आणखी किती मिटणार?

नीली गार पडतेय. पाय पोटाशी. मूठ वळलेली. कोणाच्या तरी खांद्यावर निजल्यासारखी मान —

ठोकायचा. आजच. आत्ता.

कुमुद, तुला दुसऱ्यांदा —

तीच दुपार

ठोकला. त्याच खाचेत. पितळेचा ठिपका वर चमकतो आहे.

शांत आहे. नीली झोपली. उंबऱ्याशीच आतल्या बाजूला बसून लिहितोय. तिचा श्वास ऐकू येतो. संथ.

बाळाला आणवतो. वेणूबाईंना सांगावं — त्यांनी सांगितलं होतं आधी घर —

आधी घर बघा.

पाहिलं नाही. नीली गार पडली आणि मी हातोडा —

खिशात शिंगाच्या मुठीचा तो लहान चाकू आहे. उघडून जमिनीवर ठेवला. पाहतो. नुसतं पाहतो.

काही नाही. नाही. बाहेर गेली असेल. देवा, बाहेर —

खट्.

मिटला. माझ्यासमोर. पाठ भिंतीकडे सरकली.

ती आत आहे. मीच तिला आत —

काढतो. दाभण काढतो —

रिबिट तुटलं. पितळ. मूठ माझ्या हातात, दाभण लाकडात. मुळापर्यंत. बोटं लागत नाहीत. धरायलाच काही नाही. हाका मारतोय, बुधाजी शेतावर —

नीलीनं डोळे उघडले. माझ्याकडे नाही, वर पाहते आहे. हसली. दोन्ही हात वर केले, घे म्हणून, तान्ही मुलं करतात तसे —

डोकं उशीवरून उचललं गेलं. मानेखाली काही नाही आणि डोकं —

कुमुद. हे बघ. मी इथे आहे. तिला खाली ठेव. तिची लेक भुकेली आहे, पलीकडच्या घरात रडतेय, ऐक ना. तिला ठेव. मला चल म्हण, मी येतो, मी कधीचा —