एका वर्षाची वॉरंटी

कॉटनवुड क्रीक, मोंटाना
१९ एप्रिल

प्रिय मार्नी,

तुला आणि ग्रेगला खूप आशीर्वाद, आणि तुमच्या त्या म्हाताऱ्या मांजरालाही. इकडे बर्फ अजून सावलीला चिकटून बसलाय, पण ओढा मोकळा झाला. वासरं धडधाकट आहेत. फोनवर बोलायचं सोडून पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोन आला की तुझे बाबा समोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसतात आणि पान एकही उलटत नाहीत. मग मी तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते.

बातमी अशी की आम्ही पिस्तूल घेतलं. नाक मुरडायच्या आधी ऐकून घे. या वसंतात एक अस्वलीण पिलांना घेऊन थेट कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत येऊन गेली. पाटाचं पाणी बघायला हल्ली मीच जाते, आणि बाबांचं जुनं रिव्हॉल्व्हर इतकं खिळखिळं झालंय की त्यातून गोळी झाडण्यापेक्षा तेच अस्वलाच्या डोक्यात फेकून मारलेलं बरं. तेव्हा नवं घ्यायचं ठरलं. माझ्या हाताला बसेल असंच घ्यायचं, हे बाबांनीच बजावलं.

क्लाइडच्या दुकानात गेलो. शाळेत तुझ्या वेण्या ओढायचा तोच हा क्लाइड. आता त्याच्याच डोक्यावर ओढण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याने काचेवर दोन पिस्तुलं ठेवली.

“काकू, हे घ्या. याला आजन्म वॉरंटी आहे. तुम्ही आहात तोवर काहीही बिघडलं तरी कंपनी फुकट दुरुस्त करून देणार. फक्त पहिल्या मालकालाच बरं का, पुढे कुणाला दिलंत तर नाही. आणि गोळ्या कारखान्यातल्याच हव्यात. घरी भरलेली काडतुसं वापरलीत की वॉरंटी गेली. शिवाय याच्यात एकाच जातीची गोळी चालते.”

“आणि हे?”

“हे रिव्हॉल्व्हर. याच्यात मॅग्नमचं दणकट काडतूस चालतं आणि अडतीसचं साधं काडतूसही चालतं. अस्वलासाठी जोरकस, सरावाला मऊ. तुमच्या दुखऱ्या अंगठ्याला बरं पडेल. पण वॉरंटी एकाच वर्षाची. घरच्या काडतुसांचं कलम याच्यातही आहेच.”

बाबा लगेच उसळले. “घरची काडतुसं म्हणजे काय विष आहे? जन्मभर भरतोय मी, एक फुसकं निघालेलं दाखव.”

“तुमच्याबद्दल नाही म्हणत काका,” क्लाइड म्हणाला. “कंपनीला तुम्ही कुठे ठाऊक आहात?”

मी आजन्म वॉरंटीचंच धरून बसले. तुला तुझी आई माहीत आहे. टोस्टरची पावतीसुद्धा मी टोस्टर मोडेपर्यंत जपते. दोन प्रकारच्या गोळ्या चालल्या काय नि एका प्रकारच्या काय, मी म्हटलं, वस्तू टिकायला हवी. एक वर्ष म्हणजे काय असतं? डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच संपतं. एका वर्षात काय होणार आहे कुणाचं? हे सगळं मी इतक्या चढ्या आवाजात बोलले की क्लाइड बिचारा उगाचच मासेमारीचे गळ नीट लावायला पलीकडे गेला.

बाबा माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, “लोर्ना, पिस्तुलाचंच बोलतेयस ना?”

मार्नी, फेब्रुवारीत आम्ही ट्रॅक्टरचं सामान आणायला ग्रेट फॉल्सला गेलो, असं तुला सांगितलं होतं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. बाबांना कॅन्सर आहे, स्वादुपिंडाचा, आणि तो पसरलाय. डॉक्टर भले होते, खुर्ची जवळ ओढून बसले. म्हणाले, फार तर एक वर्ष. तेव्हापासून मला तो शब्द कुणाच्याही तोंडून ऐकवत नाही. तुला सांगायचं नाही, अशी बाबांनी मला शपथ घातली आहे. मी ती मोडतेय, आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

दुकानात मात्र मी वेड्यासारखं केलं. “घ्यायचं तर आजन्मवालंच,” मी म्हटलं, “आणि ऑरिनच्या नावावर,” आणि बाबांकडे बोट दाखवलं. मनात काय होतं सांगू? एवढ्या मोठ्या कंपनीने याच्या जन्माची वॉरंटी एकदा लिहून दिली की देवालाही जरा विचार करावा लागेल. हसू नकोस. त्या घटकेला मला ते अगदी पटलं होतं.

क्लाइडला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. “काकांच्या नावावर कशाला, काकू? वापरणार तुम्ही. काकांच्या नावावर घेतलंत तर वॉरंटी...”

“माझ्याबरोबर जाईल,” बाबांनीच वाक्य पुरं केलं. मग काचेवर हात टेकून म्हणाले, “ते रिव्हॉल्व्हर दे, आणि हिच्या नावावर दे. मी हिच्यासाठी काडतुसं भरून ठेवली आहेत. मऊ पण आणि जोरकस पण. माझ्यामागे हिला आयुष्यभर पुरतील इतकी. ती त्या दुसऱ्या पिस्तुलात जायची नाहीत.”

फेब्रुवारीपासून रोज जेवण झालं की ते शेडमध्ये जायचे. विजेची शेगडी लावायचे आणि काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा ओढत बसायचे. मला राग यायचा. उरलेले दिवस माझ्याजवळ बसायचं सोडून हा माणूस पुंगळ्या नि बंदुकीच्या दारूशी बसतो, असं वाटायचं. एकदा तर मी मुद्दाम त्यांची कॉफी गार होऊ दिली. आणि ते तिथे माझ्या दुखऱ्या अंगठ्याचा विचार करून कमी दारूची काडतुसं भरत होते.

मी रिव्हॉल्व्हर घेतलं, माझ्याच नावावर.

घरी आल्यावर बाबांनी कुंपणावर डबे मांडले आणि घोंगडी पांघरून उपड्या बादलीवर बसले. वारा होता, तरी आत जायला तयार नव्हते. मी त्यांचं एक मऊ काडतूस घातलं आणि चाप ओढला. डबा उडाला. हाताला झटका बसला न बसला.

“कसं वाटलं?”

“जणू माझ्यासाठीच केलंय.”

“तुझ्यासाठीच केलंय,” ते म्हणाले, आणि समाधानाने पुढे म्हणाले, “चला, वॉरंटी गेली.” आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मी रडायला लागले तेव्हा त्यांनी मला थांबवलं नाही, बादलीवर सरकून जागा करून दिली. एका बादलीवर दोन म्हातारी माणसं मावत नाहीत, पण बसलो.

तिथेच ते म्हणाले, “लोर्ना, तुझं झालं. मार्नीसाठी काय करून ठेवू? तिला माझं काही लागतच नाही.”

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुमचं शेडमधल्या बंदुका-काडतुसांवरून वाजलं, आणि ‘तुमच्या हातचं काही माझ्या घरात यायचं नाही’ म्हणून तू निघून गेलीस. त्याला येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. बंदुकांबद्दल तुझं चुकलं, असं मी म्हणत नाही. तुझं घर तुझं. पण ते रागावलेले नाहीत गं. ते अडकलेत. आता काडतुसांचं काम संपलंय. रोज शेडमध्ये जातात, रंधा हातात घेतात आणि परत ठेवतात. कशासाठी चालवायचा ते त्यांना सुचत नाही.

म्हणून ये. पिस्तुलाकडे बघूही नकोस. आजाराचं मी सांगितलं, हेही हवं तर बोलू नकोस. पण त्यांच्याजवळ काहीतरी माग. दाराजवळ ठेवायला स्टूल माग, पुस्तकांना फळी माग, त्या मांजराला खोकं माग. तुला नको असेल तरी माग. अजून हात चालताहेत त्यांचे.

येताना आमच्यासाठी काही आणू नकोस. मोकळ्या हातांनी ये, आणि गाडीत जागा ठेव.

तुझी,
आई