सोबतचं माणूस

बाबा, यंदा मी कूलर उतरवलाच नाही. तुम्ही असता तर आषाढातच माझं डोकं खाल्लं असतं. पण काय सांगू, पाऊस आठ-आठ दिवस दडी मारतो आणि मग असं उकडतं की जीव नको होतो. दिवाळी तोंडावर आली तरी आमचा कूलर खिडकीत घरघरतोच आहे. उन्हाळा गेला असं म्हणायची सोयच उरली नाही नागपुरात.

तुम्ही मला धरमपेठेतल्या बंगल्यांवर कूलर दुरुस्तीला न्यायचे. एकदा मी टाकीच्या तळाशी पाणी तसंच ठेवलं, तर मालकिणीसमोरच ओरडले, "पोट्ट्या, डासाईले पाळणा बांधून राहिला का गा?" बाई फिसकन हसली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना तुम्ही उसाचा रस पाजला. तेव्हा रस कडू लागला होता. आज कोणी तसं ओरडलं तरी चालेल.

तर बाबा, या वेळी माझ्याच टाकीत पाळणा हलला. डेंग्यू झाला. हाडं नुसती मोडून निघाली. तुमची सून तर केव्हाच गेली. तुमची नात, माझी पोरगी, बंगळुरूला, दिवस भरत आलेत तिचे, फोनवर नुसती रडते. शेजारी एसी लावून दारं बंद करून बसलेले. त्यातल्या एकानं ऑटोत बसवून दिलं, तेवढंच.

सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन पेशंट. मे महिन्यात याच वॉर्डात ऊन लागलेले भरले होते म्हणे. सिस्टर घामानं थबथबलेली. म्हणाली, "पहिले कसं, तापाची साथ सरली का वॉर्ड खाली होत जाय, काका. आता खालीच होत नाही. आन् आम्ही आहो तेवढेच." मग विचारलं, "सोबत कोण आहे? रक्त नेऊन द्याले, औषध आणाले माणूस लागते न. एकट्याले कशी ठेवू मी?"

माझ्या आधीच्या म्हाताऱ्याला सोबत कोणी नव्हतं. त्याला तिनं बाहेर बाकावर बसवलं होतं, कोणी येईपर्यंत. तो तिथं भिंतीला डोकं टेकून कण्हत होता. मला त्या बाकाची भीती वाटली. त्याहून जास्त, आपलं कोणी नाही हे तिला सांगायची लाज वाटली.

साठी उलटलेला मी, बाबा. म्हणालो, "बाबा आहे न सोबत. चहा प्याले गेले."

तिनं माझ्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. सुई टोचली, सलाईन लावली आणि जाता जाता म्हणाली, "आले की माझ्याकडे पाठवजा."

हे पत्र काही कुठं जायचं नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी दुपारभर मी दाराकडेच पाहत होतो.