बाईंचा हात चुकला नव्हता

बाई, परवा ठाण्यात माझ्या इरकली साडीला दोन भोकं पडली. या अन्यायाची दाद कुठल्या कोर्टात मागायची ते मला अजून कळलेलं नाही. सभेच्या दारातच एकाने माझ्या खांद्यावर सेफ्टी पिनने बिल्ला टोचला आणि त्यावर लिहिलं होतं ‘तज्ज्ञ’. जनावरांची फिजिओथेरपी कोणी करावी, किती शिकून करावी, याचे नियम ठरवायला आम्ही वीसेक जण जमलो होतो. तुमच्या वेळी नियम एकच होता, आणि तो म्हणजे तुम्ही. शीळफाट्याजवळ क्लास चालवणारे एक गृहस्थ उठून म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे दहा दिवसांत सर्टिफिकेट मिळतं. ऑनलाइन पण आहे.” मी विचारलं, “कुत्रापण ऑनलाइनच येतो का हो?” सगळे हसले. मीही हसले, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

तुम्ही मला पहिले चार महिने एकाही कुत्र्याला हात लावू दिला नव्हता. कोपर स्टेशनजवळच्या तुमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पंच्याची घडी, घडीखाली मुगाचा दाणा, आणि मी डोळे मिटून बोटांनी तो शोधते आहे. एक घडी जमली की तुम्ही दुसरी घालायचात. मी जोर लावला की पाठीमागून आवाज यायचा, “अगं, कणीक तिंबायची असेल तर तुझ्या घरी जा. इथे जीव असतो हाताखाली.” आयुष्यभर ठाण्याच्या इस्पितळात माणसांचे गुडघे वाकवलेत, आणि निवृत्तीनंतर जनावरांकडे वळलात. कारण विचारलं तर म्हणायचात, “ती दुखतंय म्हणून खोटं सांगत नाहीत.”

खोटं मी सांगितलं. तो लांब पाठीचा, बुटक्या पायांचा डॅशहाउंड आठवतो ना? त्याचे मालक, पेन्शनीतले काका, त्याला आणून बसले होते. पशुवैद्य डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली, ते फोन घ्यायला बाहेर गेले आणि तुम्ही चहा टाकायला आत गेलात. मला तेव्हा तिसराच आठवडा झाला होता कुत्र्यांना हात लावून. अंगात नुसती घाई. मी त्याला चटईवर घेतलं, पाठीच्या कण्यावरून अंगठे फिरवले, मागचा पाय ताणला. तो एकदाच ओरडला. मग त्याचे मागचे पाय ओल्या फडक्यासारखे पसरले. तुम्ही धावत आलात, बाहेरून काका आले आणि म्हणतायत, “अहो बाई, चालत आला होता हो तो! कोणी केलं हे?” आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, “माझा हात चुकला.” चिठ्ठीत लिहिलेलं होतं: मणका सरकलाय, पाठीला हात लावू नये, पूर्ण विश्रांती, व्यायाम महिन्यानंतरच. ऑपरेशन झालं, पण तो पुन्हा धड चालला नाही. काकांनी अख्ख्या कोपरमध्ये तुमचं नाव घालवलं. तुम्ही मला एवढंच विचारलंत, “चिठ्ठी वाचली होतीस?” मी म्हटलं, “हो, पण डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही.” वाचलीच नव्हती, बाई. घडीसुद्धा उलगडली नव्हती.

परवाच्या सभेत अध्यक्षांनी प्रत्येकाला कागद दिला. नव्या मुलांना शिकवण्यासाठी एक खरी घडलेली चूक लिहा, म्हणाले. त्या मुलांची परीक्षा घेणाऱ्या परीक्षकांची यादीही त्याच दिवशी ठरणार होती. बहुतेकांनी दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या. मीही लिहिली, सुवाच्य अक्षरात, ‘माझ्या गुरू असलेल्या बाईंच्या हातून एकदा’ अशी सुरुवात करून. वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या. “केवढा प्रामाणिकपणा,” असं कोणीतरी म्हणालं. यादीत माझं नाव पहिलं आलं.

आज सकाळी पुन्हा ठाण्याला गेले. ऑफिसातला क्लार्क वैतागला, “मॅडम, टाईप झालंय सगळं. आता काय बदलायचंय?” म्हटलं, “फक्त माणूस.” कागद घेऊन ‘गुरू असलेल्या बाईंच्या’ खोडलं, ‘माझ्या हातून’ उरलं, खाली चिठ्ठी न वाचल्याचं लिहिलं, सही केली. त्याने वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “यादीतल्या नावाचं मग साहेबांना विचारावं लागेल हां.” “विचारा ना,” म्हटलं, आणि जिना उतरले. बरं वगैरे काही वाटलं नाही. रिक्षात बसल्यावरही अंगठे एकमेकांवर घासत होते.

हे पत्र मी कपाटात ठेवून देणार आहे; तुम्ही गेल्यावर ते पाठवायचं कुठे? आणि एक कबूल करते: तुम्ही असतात तर मी आज ठाण्याला गेलेच नसते. तुम्ही पुन्हा म्हणाला असतात, “माझा हात चुकला,” आणि मी पुन्हा म्हणू दिलं असतं.